ठिबकाच्या पाण्यास गाळणी कोणती घालावी?

ठिबकाचा संच घेतांना आपले बागाइतदार नळीची जाडी, तोट्यांमधील अंतर, पंपाची शक्ति यांची बारकाईनें चौकशी करतात. परंतु गाळणीचा प्रश्न आला म्हणजे 'शेजाऱ्यानें घेतली तीच द्या' असें सांगून मोकळे होतात. शेजाऱ्याचें शेत आपल्या शेतास लागून असलें तरी त्याचें पाणी आपलें पाणी नव्हे. बांधाच्या अलीकडे ट्यूबवेल व पलीकडे शेततळें असूं शकतें, आणि या दोन पाण्यांतील घाण इतकी भिन्न असते कीं एकास उपयोगी पडणारी गाळणी दुसऱ्यास केवळ लोखंडाचें ओझें ठरते. म्हणून गाळणीचा विचार आम्ही येथें किमतीकडून न करतां घाणीकडून करणार आहों.

धुळ्याकडे पांझरा नदीवर फडाची पद्धति शेंकडों वर्षांची आहे. बंधाऱ्यावरून पाटांत आलेलें पुराचें गढूळ पाणी तसेंच फडांत सोडीत. त्यांतील गाळानें जमीन सुधारे, तेव्हां तें गाळण्याचें कोणाच्या मनांतही येत नसे. ठिबकाची गोष्ट नेमकी उलट आहे. तोटीच्या आंतील पाण्याची वाट एक मिलिमीटरच्या आसपास, पुष्कळदां त्याहूनही अरुंद. जो कण फडांत कोणाच्या नजरेसही आला नसता, तोच येथें झाडाचें पाणी तोडतो. वैशाखांत जळगांव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत निसवणीस आलेल्या केळीचें पाणी चार दिवस तुटलें तर त्या घडाची भरपाई पुढें कितीही पाणी दिल्यानें होत नाहीं.

आपल्या पाण्यांत काय आहे हें कळण्यास प्रयोगशाळा लागत नाहीं. पंप चालू करून पहिल्या पांच मिनिटांचें पाणी सोडून द्यावें, नंतर कांचेची स्वच्छ बरणी भरून ती न हलवितां ठेवावी. एका मिनिटांत तळाशीं जें बसतें तें रेतीचें. तास-दोन तासांत जो मऊ थर बसतो तो गाळ. चिकणमाती मात्र फार सावकाश उतरते. तिच्या कणांस दहा सेंटिमीटर खालीं येण्यास आठ तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो, म्हणून दुसऱ्या दिवशींही पाणी धूसर दिसल्यास ती आहे असें समजावें. वर तरंगणारे किंवा मध्येंच लोंबकळणारे हिरवट तंतू हें शेवाळ. ही परीक्षा वर्षांत एकदां करून भागत नाहीं. श्रावणांतलें कालव्याचें पाणी आणि मे महिन्यांत तळ गांठलेल्या शेततळ्याचें पाणी हीं दोन वेगळीं पाणीं आहेत.

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यांत तापीकांठची भरावाची जमीन खोलवर आहे. पाण्याची पातळी जसजशी उतरली तसतशा ट्यूबवेल खोल गेल्या, आणि त्यांतून पाण्याबरोबर बारीक रेती येऊं लागली. अशा पाण्यास बाजारांत हायड्रोसायक्लोन म्हणून मिळणारी नरसाळ्याच्या आकाराची गाळणी योग्य. वस्तुतः तिच्यांत गाळावयास कांहींच नसतें. पाणी वरच्या बाजूनें तिरपें शिरून गरगर फिरतें, जड रेती भिंतीकडे फेंकली जाऊन घसरत खालच्या डब्यांत पडते व निवळ पाणी मधून वर निघून जातें. मात्र ती पंपाच्या पाण्याच्या मापाचीच घ्यावी. 'पुढेंमागें उपयोगी पडेल' म्हणून मोठी घेतल्यास पाण्यास फिरण्याचा वेग येत नाहीं आणि रेती सरळ पुढें जाते. शेवाळ हलकें असल्यामुळें त्यावर हिचा इलाज चालत नाहीं.

शेततळें, कालवा, नदी, किंवा उघडी विहीर असेल तर वाळूची गाळणी हवी. शेवाळ मऊ असतें. जाळीवर तें पसरून बसतें, दाब वाढला कीं चेंगरून छिद्रांतून पलीकडे जातें आणि नळींत पुन्हा एकत्र होतें. वाळूंत तसें होत नाहीं. तेथें पाण्यास दाण्यादाण्यांमधून वळणें घेत हातभर खोल जावें लागतें, व घाण वाटेंत ठिकठिकाणीं चिकटून राहते. यासाठीं वाळू टोंकदार कडांची, फोडलेल्या दगडाची अथवा गारेची, आणि दाणा शक्य तितका एकसारखा, मिलिमीटरभर किंवा त्याहून थोडा लहान असा पाहिजे. दाण्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा कण अशा थरांत अडतो असा ढोबळ हिशेब आहे.

येथें आमची स्वतःची एक फजिती सांगण्यासारखी आहे. वाळूचे पैसे वाचविण्याच्या हेतूनें आम्हीं एके वर्षीं गिरणेच्या पात्रांतील वाळू घरच्या चाळणीनें चाळून टाकींत भरली. तींत बारीक-मोठे सर्व दाणे होते. बारीक दाणे तळच्या चिरांतून निसटले, आणि पंधरवड्यांत पुढची जाळी आमच्याच वाळूनें भरून गेली. घाण अडविण्यास घातलेली वस्तूच घाण झाली! तेव्हांपासून वाळू विकत घेण्यापूर्वीं मूठभर घेऊन तीवर आम्ही पातळ आम्लाचे चार थेंब टाकतों. फेंस आला तर तींत चुनखडी आहे. पुढें नळ्या आम्लानें धुण्याची वेळ येते तेव्हां ती विरघळते, म्हणून ती नाकारावी.

जाळीची व चकत्यांची गाळणी ही शेवटची राखणदार होय. तोटीच्या वाटेच्या सातव्या ते दहाव्या हिश्श्याहून मोठा कण पुढें जाऊं नये, कारण लहान कणही दोन-चार मिळून तोंडाशीं कमान धरतात. या हिशेबानें १२० मेशची जाळी, म्हणजे सुमारें ०.१३ मिलिमीटर छिद्राची, बहुतेक तोट्यांस पुरते. त्याहून बारीक ती अधिक चांगली हा समज घातक आहे. शिरपूरकडील एका बागाइतदारांनीं शेततळ्याच्या पाण्यावर वाळूची गाळणी न बसवितां एकटी २०० मेशची जाळी घातली. ती तासातासानें तुंबे. वीज रात्रपाळीची, पंप आपोआप सुरू होणारा. रात्रीं उठून जाळी कोण धुणार? अखेर त्यांनीं आंतली जाळीच काढून ठेवली व रिकाम्या डब्यांतून पाणी जाऊं दिलें. आठ-दहा दिवस सर्व ठीक दिसलें. नंतर नळ्यांच्या शेवटच्या टोंकांची केळी सुकूं लागली, तेव्हां पाणी कमी पडतें असें समजून ते पंप अधिक वेळ चालवूं लागले. आम्हीं एका नळीचें टोंक उघडलें तेव्हां शाईसारखें काळें पाणी आलें. संच धुऊन निघाला; कांहीं तोट्या मात्र बदलाव्याच लागल्या, आणि त्या ओळींचे घड शेवटपर्यंत लहानच राहिले. जाळीऐवजीं चकत्यांची गाळणी असती तर थोडा अधिक निभाव लागला असता. चकत्यांवरील खांचा एकमेकींस छेदतात व घाणीस खोली मिळते, शिवाय त्या सैल करून बादलींत खळबळून धुतां येतात. परंतु भरपूर शेवाळाच्या पाण्यावर तीही एकटी पुरत नाहीं.

म्हणून क्रम असा: रेती असेल तर प्रथम हायड्रोसायक्लोन, शेवाळ असेल तर वाळू, आणि सर्वांच्या शेवटीं जाळी अथवा चकत्या. जाडें आधीं अडवावें, बारीक नंतर. शहरांत हौसेनें मासे पाळणारे लोकही आपल्या कांचेच्या पेटींत जाड स्पंज आधीं व दाट कापूस मागून ठेवतात. उलट ठेवल्यास कापूस लौकरच गच्च होतो. खताची टाकी वाळूच्या नंतर व जाळीच्या आधीं जोडावी, म्हणजे न विरघळलेला खताचा खडा जाळीवर अडेल.

गाळणीच्या दोन्ही बाजूंस दाबमापक असल्यावांचून ती कधीं धुवावी हें कळत नाहीं. दोहोंमधील फरक चौरस सेंटिमीटरास अर्ध्या किलोच्या आसपास पोंचला कीं वाळू उलट्या पाण्यानें धुवावी, आणि बाहेर पडणारें पाणी स्वच्छ होईपर्यंतच. अधिक जोरानें धुतल्यास वाळूही वाहून जाते; वर्षांतून एकदां टाकी उघडून थर किती उरला तें पाहावें.

चिकणमाती व पाण्यांत विरघळलेले क्षार यांस मात्र यांपैकीं कोणतीच गाळणी अडवीत नाहीं. तोटीच्या तोंडाशीं पांढरा थर जमत असेल तर तें काम आम्लाचें आहे, नवी जाळी घेऊन पैसे घालवूं नयेत. चिकणमातीसाठीं तळ्यांतील पंपाचें तोंड तळापासून हात-दोन हात वर टांगावें, आणि पंधरा दिवसांनीं पंप चालू असतांना नळ्यांचीं टोंकें पांच-पांच करून उघडावीं. सर्व एकदम उघडल्यास दाब पडतो व गाळ जागचा हलत नाहीं.