संगणकाच्या पडद्यावरील मराठी : दोष आणि उपाय

पुण्याच्या बुधवार पेठेतील अप्पा बळवंत चौक हे महाराष्ट्राच्या विद्यार्थ्यांचे ग्रंथभांडार. जवळच १८४८ साली स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर आहे. तेथील जुने पुस्तक आज उघडले तरी त्यातील 'ज्ञ' हा 'ज्ञ'च दिसतो. कारण अक्षर कागदावर कायमचे उमटलेले असते. संगणकाच्या पडद्याची गोष्ट निराळी आहे. संकेतस्थळाकडून अक्षर येत नाही, अक्षराचा क्रमांक येतो. त्या क्रमांकाचे अक्षर वाचकाच्या यंत्रातील टंकातून, म्हणजेच फाँटमधून, जुळविले जाते. मुद्रणालयाने केवळ यादी पाठवावी आणि खिळे वाचकाने आपल्या घरी जुळवावेत, तसाच हा प्रकार आहे.

ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे ग्रामपंचायतीत किंवा शाळेत वारंवार येणाऱ्या अडचणींचा उलगडा होतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा नागरिकांना ठराविक मुदतीत मिळावयास हव्यात. पडद्यावरील अर्जच वाचता आला नाही, तर तो हक्क कागदावरच राहतो.

अक्षरांचा इतिहास

भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतप्रणाली तयार झाली व १९९१ साली भारतीय मानक म्हणून तिला मान्यता मिळाली. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या 'सी-डॅक' या संस्थेचे भारतीय भाषांच्या संगणकीकरणातील कार्य सर्वपरिचित आहे. १९९१ मध्येच युनिकोड या जागतिक प्रणालीची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरीस १२८ स्थाने देण्यात आली. 'क' चा क्रमांक २३२५ आहे व तो जगात सर्वत्र एकच आहे. तथापि युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक टंकांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरी आकार बसविलेले होते. जुन्या मजकुराच्या बहुतेक तक्रारींचे मूळ येथे आहे.

लक्षणावरून निदान

पडद्यावर रिकाम्या चौकटी दिसल्या, तर यंत्रात देवनागरी टंक नाही असे समजावे. युनिकोड टंक बसविला की दोष दूर होतो.

अर्थहीन रोमन अक्षरे दिसत असतील, तर मजकूर जुन्या टंकातील असावा किंवा पृष्ठाने आपली संकेतप्रणाली नीट घोषित केलेली नसावी. पहिल्या प्रकारात तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे हाच कायमचा उपाय. रूपांतरानंतर रफार व पहिली वेलांटी विशेषेकरून तपासावी.

जोडाक्षरे फुटून पाय मोडलेली दिसणे, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर येणे, हे यंत्रातील अक्षरजुळणीची व्यवस्था जुनी असल्याचे लक्षण होय. ब्राउझर व कार्यप्रणाली अद्ययावत करावी.

सर्वत्र प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर बहुधा मजकूर साठवितानाच अक्षरे नष्ट झालेली असतात. वाचकाच्या हाती तेथे काही नसते. संबंधित कार्यालयास कळविणे हाच मार्ग.

पृष्ठ उघडण्यास विलंब

येथे तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. दुसरे संकेतस्थळ लवकर उघडते काय? उघडत असल्यास दोष बहुधा त्या एका संकेतस्थळाचा आहे. तेच पृष्ठ दुसऱ्या ब्राउझरमध्ये लवकर उघडते काय? उघडत असल्यास पहिल्या ब्राउझरमधील जोडकार्यक्रम बंद करावेत व तात्पुरती साठवण पुसावी. मात्र अर्धवट भरलेला अर्ज व परवलीचे शब्द त्यात पुसले जाणार नाहीत, याची आधी खात्री करावी. त्याच जोडणीवर दुसरे यंत्र वेगाने चालते काय? तेही मंद असेल, तर जोडणी देणाऱ्याकडे तक्रार नोंदवावी.

जुन्या यंत्रांत आणखी एक दोष आढळतो. घड्याळाचा सेल संपला की दिनांक मागे जातो आणि सुरक्षित संकेतस्थळ इशारा देऊन अडून बसते. असा इशारा डावलून पुढे जाऊ नये. दिनांक दुरुस्त करावा. बुधवार पेठेतीलच तपकीर गल्लीसारख्या बाजारात असा सेल अल्प मोलात मिळतो.

अर्जाचे शुल्क भरताना पृष्ठ अडकले, तर तीच कळ पुन्हा दाबू नये. प्रथम व्यवहाराची स्थिती पाहावी. नाहीतर शुल्क दुबार कापले जाण्याचा संभव असतो.

कार्यालयांची जबाबदारी

विलंबाचा दोष नेहमी वाचकाच्या यंत्राचाच असतो असे नाही. युनिकोडमधील देवनागरी अक्षर सामान्यतः तीन बाइट जागा घेते. दोन हजार अक्षरांचे परिपत्रक म्हणजे सुमारे सहा हजार बाइट. त्याचेच छायाचित्र दोन मेगाबाइटचे झाले, तर सेकंदाला एक मेगाबिट वेगाच्या जोडणीवर त्यास सोळा सेकंद लागतात. मजकुरास सेकंदाचा विसावा भागही लागत नाही. शिवाय छायाचित्रातील शब्द साध्या शोधाने सापडत नाहीत आणि अंध वाचकाचे वाचनयंत्र ते सहसा वाचू शकत नाही.

म्हणून परिपत्रक युनिकोड मजकुराच्या स्वरूपात द्यावे, छायाचित्रे लहान करावीत आणि पृष्ठाची भाषा मराठी असल्याचे त्याच्या संकेतात नमूद करावे. म्हणजे योग्य टंक असल्यास 'ल' व 'श' मराठी वळणाचे दिसतात. प्रसिद्धीपूर्वी ते पृष्ठ साध्या भ्रमणध्वनीवर एकदा उघडून पाहावे. शेवटच्या गावातील वाचकाला ते वाचता आले, तरच माहिती खऱ्या अर्थाने प्रसिद्ध झाली असे म्हणता येईल.