किशोरवयीन मैत्रीतील छळ आणि शाळेचे उत्तरदायित्व

हिंगोली जिल्ह्यातील अनेक लहान गावांतील मुली वरच्या वर्गांसाठी वसमत, कळमनुरी, सेनगाव अशा ठिकाणी एस. टी. ने ये-जा करतात. या प्रवासात ओळखी होतात, मैत्री जुळते; त्या वयास ते साजेसेच आहे. परंतु मैत्रीच्या हक्काने एखादा मुलगा तिचा मोबाईल तपासू लागतो, इतरांशी बोलण्यास मज्जाव करतो, हात पिरगाळतो किंवा छायाचित्रे पसरविण्याची धमकी देतो, तेव्हा तो छळ ठरतो. त्यास पोरखेळ समजू नये. मार्च १९९० मध्ये उल्हासनगर येथे एकतर्फी प्रेमातून एका तरुणाने दहावीच्या परीक्षा केंद्रातच विद्यार्थिनीला जाळून मारले होते.

मुली सहसा बोलत नाहीत. घरी कळल्यास शाळा सुटेल, लग्न उरकले जाईल, ही धास्ती त्यांना मुलाच्या धमकीहून मोठी वाटते. आणि ती निराधार आहे, असे म्हणवत नाही. म्हणूनच तक्रारीपायी मुलीचे शिक्षण खंडित होणार नाही, याची हमी पालकांशी बोलून मिळविणे हे शिक्षकांचे पहिले काम होय. ‘तू त्याच्याशी बोललीसच का?’ या प्रश्नाने संवाद तेथेच संपतो. दोघांना समोरासमोर बसवून समेट घडविण्याचा गावकीचा तोडगा तर घातकच.

गुप्ततेचे वचन मात्र शिक्षकाने देऊ नये. लैंगिक हेतूने बालकाचा वारंवार पाठलाग करणे किंवा सतत संपर्क साधणे हा ‘पोक्सो’ अधिनियम, २०१२ अन्वये अपराध असून त्यास ३ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. असा अपराध कळल्यास कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे; न कळविल्यास ६ महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेची अब्रू हा येथे बचाव नव्हे. सद्भावनेने माहिती देणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकारी गणवेशाविना घेतात, हे तिला आधीच सांगितल्यास निम्मी भीती ओसरते.

१० मार्च २०२२ च्या शासन निर्णयानुसार शाळांत सखी सावित्री समिती स्थापन करावयाची असून तीत पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका आणि महिला ग्रामपंचायत सदस्यही असतात. समिती कागदावरच राहिली असल्यास पंचायत सदस्यांनी बैठकीचा आग्रह धरावा. १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक फलकावर असावा. सायंकाळची गाडी सुटेपर्यंत एखादे शिक्षक थांब्यावर उभे राहिले, तरी पुष्कळ फरक पडतो. आणि वर्ग किंवा बसण्याची जागा बदलावयाची झाल्यास ती मुलाची बदलावी, मुलीची नव्हे.