छायाचित्राचा दीर्घकालीन खर्च

जयपूरचे महाराज दुसरे सवाई रामसिंह हे स्वतः छायाचित्रकार होते. त्यांचे निधन १८८० मध्ये झाले. तथापि त्यांच्या काचेवरील निगेटिव्ह तेथील सिटी पॅलेसच्या संग्रहालयात अद्याप जपलेल्या आहेत. काचेची असो वा फिल्मची, निगेटिव्हचा बहुतेक खर्च आरंभीच होतो. पुढे तिला थंड, कोरडी जागा पुरते. डिजिटल छायाचित्र टिपताना जवळजवळ फुकट पडते. परंतु साठवणीची साधने काही वर्षांत निकामी होत असल्याने त्याच्या नकला पुन्हा पुन्हा कराव्या लागतात. चित्रपटांच्या बाबतीत हा फरक मोजला गेला आहे. अमेरिकेतील चलच्चित्र अकादमीच्या २००७ मधील हिशेबानुसार, चित्रपटाची मूळ प्रत फिल्मवर जपण्यास वर्षाला १,०५९ डॉलर, तर डिजिटल स्वरूपात १२,५१४ डॉलर लागत. तेव्हा स्वस्त काय, हे चित्र किती काळ टिकवावयाचे यावरच ठरते.