कन्व्हर्टर बसल्याशिवाय बोल्ट आवळू नका

प्रश्न : ऑटोमॅटिक इनोव्हा क्रिस्टाचा गिअरबॉक्स परत चढवताना बेलहाउसिंग आणि इंजिन यांच्यात बोटभर फट राहते. बोल्ट आवळून ओढून घेऊ का?
– एक गॅरेजमालक, बोईसर

उत्तर : कृपया ओढू नका. अशी फट बहुतेक वेळा टॉर्क कन्व्हर्टर पुरता आत न बसल्यामुळे राहते. बोल्टच्या जोराने तो ऑइल पंपावर दाबला जातो, पंप फुटतो आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

आताच खाली घ्या. कन्व्हर्टरची पकड तीन ठिकाणी बसावी लागते : इनपुट शाफ्ट, स्टेटर शाफ्ट आणि पंपाचा गिअर. सीलला एटीएफ लावा, कन्व्हर्टर सरळ धरा आणि आत ढकलत हळूहळू फिरवा. तो खट् करत टप्प्याटप्प्याने आत जातो. घात होतो तो पंपाशी, कारण त्याआधीच सगळं बसल्यासारखं वाटतं. म्हणून बेलहाउसिंगच्या कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवून कन्व्हर्टरच्या बोल्टच्या जागेपर्यंतची खोली मोजा आणि सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मापाशी जुळवा.

चढवताना गिअरबॉक्स पुढे कलला तर कन्व्हर्टर पुन्हा बाहेर सरकतो, तेव्हा त्याला आडवी पट्टी बांधून ठेवा. बेलहाउसिंग हातानेच इंजिनला टेकली पाहिजे. टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरावा आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत किंचित पुढे ओढावा लागावा. तसं झालं तरच बोल्ट आवळा.

तारापूर एमआयडीसीतल्या कामगारांच्या एएमटी गाड्याही तुमच्याकडे येत असतील. त्यांत साधा क्लच असतो, कन्व्हर्टर नसतो, म्हणून कन्व्हर्टरची ही तपासणी त्यांना लागू नाही.