गर्भाची पहिली वर्दी
बीजवाहिनीत फलित झालेले बीज साधारण आठवडाभराने गर्भाशयात रुजते आणि एचसीजी हे संप्रेरक मातेच्या रक्तात सोडते. त्याच्या प्रभावाने बीजकोशातील पीतपिंड प्रोजेस्टेरॉन स्रवत राहतो व पाळी चुकते. लघवीच्या तपासणीत याच संप्रेरकाचा शोध घेतला जातो. मात्र मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेपासून घडतात, ती फलनानंतर सुमारे २८ दिवसांतच मिटावी लागते. न मिटल्यास जन्मजात व्यंग राहते. तोवर पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पुष्कळ घरांत ही बातमी सासूच्याही कानी गेलेली नसते! म्हणूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल गर्भधारणेच्या आधीपासून घ्यावयाचे असते. बारा आठवड्यांच्या आतील नोंदणी आवश्यकच. परंतु या गोळीपुरती ती उशिराची ठरते. विवाहनोंदणीसाठी ग्रामपंचायतीत येणाऱ्या जोडप्यास हे तेथेच सांगता येईल.