प्राण्यांचा निवास : लंडनच्या प्राणिसंग्रहालयावरून एक पाठ

प्राण्यांच्या गरजा हा पाठ घेताना अन्न, पाणी व निवारा ही तीन नावे मुले चटकन सांगतात. पैकी अन्न व पाणी यांचा अर्थ त्यांना अनुभवाने कळलेला असतो. निवारा म्हणजे मात्र ऊनपाऊस अडविणारे छप्पर, एवढीच त्यांची कल्पना असते. ही कल्पना अपुरी आहे. ज्या जागी प्राण्याला आपल्या देहरचनेप्रमाणे व स्वभावाप्रमाणे वावरता येते, ती त्याच्या निवासाची जागा होय. मोठ्या माणसांनाही ही गोष्ट एकदम उमगलेली नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचा इतिहास पाहिला असता ती हळूहळू कशी उमगत गेली, हे ध्यानात येते.

इ. स. १८२६ मध्ये लंडन येथे प्राणिशास्त्राच्या अभ्यासासाठी एक संस्था स्थापन झाली. तिने १८२८ मध्ये रीजंट्स पार्क या उद्यानात सुमारे ३६ एकर जागेवर प्राणिसंग्रहालय उघडले. प्रारंभी ते संस्थेच्या सभासदांपुरते होते. १८४७ पासून सर्वसामान्य लोकांस तेथे प्रवेश मिळू लागला. १८५० मध्ये नाईल नदीकाठचा एक पाणघोडा तेथे आणला गेला, तेव्हा त्याला पाहण्यासाठी लोकांची रीघ लागली. परंतु त्या काळी उष्ण देशांतील प्राणी विलायतेच्या थंडीत तग धरणार नाहीत, अशी समजूत होती. म्हणून त्यांना बंद, ऊब दिलेल्या इमारतींत कोंडून ठेवीत. तेथे मोकळी हवा नव्हती व हिंडण्यास जागाही नव्हती. त्यामुळे बरेच प्राणी लवकर दगावत. पुढे १९०३ मध्ये पीटर चामर्स मिचेल हे संस्थेचे चिटणीस झाले. त्यांनी प्राण्यांना बाहेर मोकळ्या हवेत येण्याची सोय करून दिली, तेव्हा ते अधिक निरोगी राहतात असे दिसून आले. ऊब देण्याचा हेतू चांगला होता. पण ज्याची काळजी घ्यावयाची, त्या प्राण्याचे निरीक्षण मात्र पुरेसे झाले नव्हते.

याच सुमारास दुसराही एक विचार पुढे आला. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराजवळ कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये आपले नवे प्राणिसंग्रहालय उघडले. त्यात लोखंडी गजांऐवजी खोल खंदक योजून प्राणी व प्रेक्षक यांना वेगळे ठेवले होते. या पद्धतीस अनुसरून लंडनमध्येही १९१४ च्या सुमारास कृत्रिम डोंगर तयार झाले. १९३१ मध्ये तर त्याच संस्थेने शहरापासून दूर व्हिप्सनेड येथे सुमारे ६०० एकरांचे दुसरे संग्रहालय उघडले. शहरातील ३६ एकरांत जे साधणे शक्य नव्हते, ते या विस्तीर्ण माळावर साधू लागले.

पाठाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद उदाहरण पेंग्विनच्या तळ्याचे आहे. हे तळे १९३४ मध्ये स्थापत्यविशारद बर्थोल्ड लुबेट्किन व त्यांचे सहकारी यांनी लंडनच्या संग्रहालयात बांधले. लंबवर्तुळाकार शुभ्र भिंत, मध्ये पाणी आणि पाण्यावर एकमेकांस वळसा घालून उतरणारे काँक्रीटचे दोन पातळ उतार, अशी त्याची रचना आहे. खांबांचा आधार न घेता हे उतार अधांतरी उभे केलेले पाहून जगभरच्या वास्तुशिल्पींनी त्याची वाखाणणी केली. त्या उतारांवरून डुलत चालणारे पेंग्विन पाहून प्रेक्षकही रमत. पुढे या वास्तूस कायद्याचे संरक्षणही मिळाले.

पण कठीण काँक्रीटवर नित्य चालावे लागल्याने पेंग्विनच्या तळपायांना इजा होऊन तेथे रोग जडू लागला. २००४ मध्ये दुरुस्तीच्या निमित्ताने त्यांना आवारातील दुसऱ्या एका साध्या तळ्यात हलविण्यात आले. ते तेथे इतके रमले, की त्यांना पुन्हा जुन्या जागी नेले नाही. २०११ मध्ये त्यांच्यासाठी किनाऱ्यासारखी मोकळी जागा व पोहण्यास मोठे तळे तयार करण्यात आले. लुबेट्किन यांची सुंदर वास्तू आजही उभी आहे. मात्र तिच्यात पेंग्विन नाहीत.

हत्तींच्या बाबतीतही असाच निर्णय घ्यावा लागला. १९६५ मध्ये हत्ती व गेंडे यांच्यासाठी काँक्रीटची भव्य इमारत उभारली होती. परंतु कळपाने राहणाऱ्या व दूरवर हिंडणाऱ्या या प्राण्यास शहरातील जागा अपुरी पडे. म्हणून २००१ मध्ये हत्ती व्हिप्सनेडला पाठविण्यात आले. मात्र प्रत्येक जुनी वास्तू निरुपयोगी ठरते असे नाही. १९६५ मध्येच पक्ष्यांसाठी उभारलेला जाळीचा प्रचंड पिंजरा नव्याने सजवून २०२२ मध्ये आफ्रिकेतील कोलोबस वानरांना देण्यात आला. उंचावर झेपा घेत फिरणाऱ्या या वानरांना ती उंची सोयीची ठरली. २०१६ मध्ये आशियाई सिंहांसाठीही पूर्वीपेक्षा मोठे आवार तयार झाले. हे सिंह मूळचे आपल्या देशातील गीरच्या जंगलाचे असल्याने त्या आवाराची सजावटही गीरच्या धर्तीवर केलेली आहे.

आपल्या राज्यातील एक उदाहरण याच्या जोडीला घेता येईल. मुंबईच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे राणीच्या बागेत, २०१६ मध्ये हम्बोल्ट जातीचे ८ पेंग्विन दक्षिण कोरियातून आणले गेले. याच जातीचे पेंग्विन लंडनला उघड्या हवेत राहतात. पेरू व चिली या देशांच्या किनाऱ्यावर थंड सागरी प्रवाह वाहतो. हे पेंग्विन तेथील रहिवासी आहेत. लंडनचे हवामान त्यांना मानवते. मुंबईच्या दमट उष्म्यात मात्र त्यांच्यासाठी बंद दालन बांधून हवा व पाणी यंत्रांनी सतत थंड राखावे लागते. एकाच प्राण्यासाठी दोन गावी दोन निरनिराळ्या व्यवस्था का लागतात, याचे उत्तर मुलांना नकाशावर शोधू द्यावे. दुरून आणलेल्या प्राण्यामागे केवढी जबाबदारी येते, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

शिक्षकांनी हा पाठ वर्गातच न संपविता मुलांना गावातील प्राण्यांच्या निरीक्षणास लावावे. म्हैस उन्हाच्या वेळी डबक्याकडे का धाव घेते? कोंबडी दिवसभर माती का उकरते, व रात्री उंच जागी का बसते? शेळी दगडांवर व बांधावर का चढते? एकेका मुलाने एकेक प्राणी निवडून आठवडाभर पाहावे व आपल्या वहीत नोंदी कराव्यात. त्या नोंदींच्या आधारे आपल्या घरचा गोठा अथवा खुराडे तपासावे. जमीन फार कठीण आहे काय? वारा खेळतो काय? दोर पुरेसा लांब आहे काय? एखादा दोष आढळल्यास घरच्या वडीलधाऱ्यांच्या संमतीने तो दूर करावा. बैलाखाली टाकलेले कोरडे पाचट किंवा दोन हात वाढविलेला दोर यांतूनही मूल या पाठाचा खरा अर्थ शिकेल.