एरंड कुलातील द्रव्यांची ओळख : दंती, जयपाल व स्नुही यांच्या अनुषंगाने

दंतीचे कुल एरंड, जयपालाचे कुल एरंड, स्नुहीचे कुल एरंड, असे द्रव्यगुणाच्या उत्तरपत्रिकेत लिहून आपण सर्वांनी गुण मिळविलेले आहेत. परीक्षा संपली की त्या ‘कुल’ शब्दाशी असलेला आपला संबंधही बहुधा संपतो. वस्तुतः कच्च्या द्रव्यांच्या खरेदीतील ज्या चुका रुग्णाच्या जिवावर बेतू शकतात, त्यांतील काही याच एका कुलात घडतात. या कुलातील अनेक द्रव्ये तीक्ष्ण विरेचक आहेत, त्यांची फळे व बीजे दिसण्यात एकमेकांच्या जवळची आहेत आणि त्यांची नावे बाजारात शतकानुशतके एकमेकांत मिसळत आलेली आहेत.

प्रथम कुललक्षणांचा विचार करू. त्यासाठी पुस्तकापेक्षा परसातला एरंड बरा. त्याच्या तुऱ्याचे निरीक्षण केल्यास खालच्या भागात नरपुष्पे व वरच्या भागात मादीपुष्पे दिसतात. पाकळ्या मुळीच नाहीत. बीजांडकोश तीन कप्प्यांचा असून फळ त्रिखंडी असते आणि वाळल्यावर मधला दांडा सोडून तीन भागांत फुटते. प्रत्येक कप्प्यात एकच बीज असते व बीजाच्या टोकाशी एक मांसल गाठ असते. एकलिंगी पुष्प, त्रिखंडी फळ आणि कप्प्यागणिक एक बीज, ही तीन लक्षणे जुळली की वनस्पती एरंड कुलातील असण्याची शक्यता पुष्कळ असते.

क्षीर हे मात्र खात्रीचे लक्षण नव्हे. ‘चीक निघाला म्हणजे एरंड कुल’ हा समज विद्यार्थ्यांत आढळतो, आणि खरे सांगायचे तर अनेक व्यावसायिकांतही आढळतो. अर्काला भरपूर क्षीर आहे, पण त्याचे कुल निराळे. उलट एरंड तोडला तर स्नुहीसारखे पांढरे दूध निघत नाही. याच ठिकाणी वर्गीकरणातील एका बदलाची नोंद घ्यावी. आवळा व भूम्यामलकी यांच्या फळात कप्प्यागणिक दोन बीजे असतात व त्यांना क्षीर नसते. आनुवंशिक अभ्यासाच्या आधारे 2003 च्या एपीजी वर्गीकरणाने फायलँथस प्रजातीचे स्वतंत्र कुल मान्य केले. आपल्या जुन्या क्रमिक पुस्तकांत या दोघांचे कुल एरंड असेच छापलेले आहे.

आता मुख्य विषयाकडे वळतो. 2011 सालच्या पावसाळ्यात मी एका चूर्णासाठी दंती मागविली. मागणीपत्रावर केवळ ‘दंती’ एवढाच शब्द लिहिला होता. मूळ की बीज, याचा उल्लेख केला नव्हता. पोते आले ते बियांचे. ते रिकामे करणाऱ्या मदतनिसाची बोटे तासाभरात चुरचुरू लागली व पापण्या सुजल्या, तेव्हा मी बिया निरखून पाहिल्या. तो जयपाल होता. पुढील महिन्यात कुतूहल म्हणून दोन तालुक्यांच्या बाजारांत तीन दुकानांतून दंती विकत घेतली. एका ठिकाणी मुळाचे तुकडे मिळाले, दुसऱ्या ठिकाणी जयपालबीज आणि तिसऱ्या ठिकाणी मोगली एरंडाच्या बिया. तिन्ही विक्रेते आपापल्या परीने प्रामाणिक होते. वडिलांनी ज्या डब्याला जे नाव सांगितले, त्या नावाने ते विकत होते.

या घोटाळ्याचे मूळ ग्रंथांच्या वापरात आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात दंती व द्रवंती यांचा कल्प एकत्र आलेला असून तेथे उपयुक्तांग मूळ आहे. स्थिर, जाड, हत्तीच्या दातासारखी मुळे घ्यावीत, त्यांना पिप्पली व मधाचा लेप देऊन कुश व मातीत स्वेदन करावे आणि उन्हात वाळवावे, म्हणजे त्यांचा विकाशी गुण नष्ट होतो, असा विधी सांगितला आहे. पुढे रसग्रंथांच्या काळात जयपालाचा वापर वाढला व ‘दंतीबीज’ हे नाव जयपालासाठी रूढ झाले. त्यामुळे अभयारिष्ट किंवा चंद्रप्रभा वटी यांत दंती म्हणजे दंतीमूळ, तर इच्छाभेदी, नाराच व अश्वकंचुकी या रसकल्पांत अभिप्रेत आहे ते शुद्ध जयपालबीज. दंतीमुळाची मात्रा ग्रॅममध्ये मोजतात, शुद्ध जयपालाची मिलिग्रॅममध्ये. अशोधित जयपाल दंतीच्या मात्रेत गेला तर काय होईल, हे वैद्यांना सांगावयास नको.

प्रत्यक्ष ओळख अशी करावी. दंती, म्हणजे बॅलिओस्पर्मम मॉन्टॅनम, हे मुळापासून अनेक फांद्या फुटणारे, साधारण पुरुषभर उंचीपर्यंतचे झुडूप आहे. सह्याद्रीतील दमट व सावलीच्या जागी ते आढळते. खालची पाने मोठी, बहुधा तीन ते पाच खंडांची. शेंड्याकडील पाने लहान व अखंड. एकाच झुडपावरील पानांचे हे दोन प्रकार ही दंतीची उत्तम खूण होय. फळ त्रिखंडी, लवयुक्त व सुमारे एक सेंटिमीटरचे असते. जयपाल, म्हणजे क्रोटन टिग्लियम, हा लहान वृक्ष असून पाने अंडाकृती, दंतुर काठांची, देठाजवळ दोन ग्रंथी असलेली असतात. त्याचे बीज निस्तेज तपकिरी असते व वरचा थर घासला गेला की काळे डाग दिसतात. एरंडबीजाची चकाकी व चित्रविचित्र नक्षी त्यावर नसते. मोगली एरंडाचे, म्हणजे जट्रोफा कुर्कासचे, बीज दोघांहून वेगळे, काळे व बारीक भेगांच्या रेषांचे असते.

मोगली एरंड मूळचा अमेरिका खंडातील आहे, म्हणून तो चरकोक्त द्रवंती असू शकत नाही. ‘द्रवंती’ म्हणून त्याची शिफारस करणाऱ्या लेखांकडे मी याच कारणाने सावधपणे पाहतो. जैवइंधनासाठी 2003 नंतर त्याची लागवड वाढली व बिया सर्वत्र उपलब्ध झाल्या. या बिया खाऊन शाळकरी मुलांना उलट्या-जुलाब झाल्याच्या बातम्या आपल्या राज्यातही येत असतात.

वाळलेल्या मुळाची निश्चिती नुसत्या डोळ्यांनी करू नये. औषधनिर्मात्यांनी सूक्ष्मदर्शकीय परीक्षण व टी.एल.सी. करून घ्यावे, तसेच हंगामात एकदा तरी फळांसह ओले झुडूप संग्राहकाकडून मागवून नमुना जपून ठेवावा. मागणीपत्रावर शास्त्रीय नाव व उपयुक्तांग दोन्ही लिहावीत. दंती, जयपाल व स्नुही ही तिन्ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई-1 मध्ये आहेत. ती असलेल्या आभ्यंतर औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे.

स्नुहीच्या बाबतीत अडचण आणखी निराळी. मराठीत ‘निवडुंग’ या एका शब्दात अमेरिकेहून आलेला फड्या निवडुंग व आपली स्नुही दोन्ही येतात. फड्याचे काटे एका गादीसारख्या ठिपक्यातून झुबक्याने निघतात व त्याला दूध नसते. स्नुहीचे काटे जोडीजोडीने असतात व टोचताच पांढरे क्षीर वाहते. स्नुहीवर्गातही भेद करावा लागतो. युफोर्बिया नेरिफोलियाच्या फांदीवर उंचवटे मळसूत्री पाच रांगांत असतात व प्रत्येकावर काट्यांची जोडी असते. युफोर्बिया निव्हुलियाची फांदी गोल असते. त्रिधारीची फांदी तीन ते पाच पंखांची व पाने अगदी बारीक असतात. शेराला काटेच नसतात.

क्षारसूत्र करणाऱ्यांना हा भेद क्षुल्लक नाही. एकवीस लेपांपैकी अकरा निव्वळ स्नुहीक्षीराचे, सात क्षीर व अपामार्गक्षाराचे आणि तीन क्षीर व हरिद्रेचे असतात. म्हणजे प्रत्येक लेपात क्षीर आहेच. कुंपणावरचा जो मिळेल तो निवडुंग कापून क्षीर आणले, तर एका सूत्राने छेदन लवकर व दुसऱ्याने उशिरा का झाले, याचे उत्तर कधीच मिळणार नाही. चरकाने बहुकंटक स्नुही श्रेष्ठ मानली असून दोन-तीन वर्षांच्या झाडाचे क्षीर शिशिराच्या अखेरीस घेण्यास सांगितले आहे. माझ्या रुग्णालयाच्या आवारात नेरिफोलियाची ओळखून लावलेली रांग आहे व क्षीर तिच्यातूनच घेतले जाते. घेणाऱ्याने हातमोजे व चष्मा वापरावा. क्षीर डोळ्यात गेल्यास ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे व चुरचुर थांबली तरी त्याच दिवशी नेत्ररोगतज्ज्ञांकडे पाठवावे, कारण स्वच्छमंडलाचा शोथ काही तासांनंतर वाढतो.